'मला तीन तास लागले' हे इंग्रजीत दर वेळी का चुकतं?

साताऱ्यात रोज संध्याकाळी साडेसहाला मी इंग्रजी बोलायला शिकवते. येणारी मंडळी बहुतेक कामावरून थेट येतात. मेडिकलच्या काउंटरवरची मुलं, नर्सिंगच्या मुली, वायरमन, बँकेच्या परीक्षेला बसणारे, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया. चुका सगळ्यांच्याच होतात आणि बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत निघूनही जातात. एक मात्र जात नाही. आठवडाभर दबून राहते आणि रूप बदलून पुन्हा डोकं वर काढते. 'मला इतका वेळ लागला' हे साधं वाक्य.

ती कोणकोणत्या रूपांत येते ते आधी बघा. ही सगळी वाक्यं मी वह्यांमध्ये पाहिली आहेत, आणि सगळी चुकीची आहेत.

"टू मी थ्री अवर्स टुक."
"इट टुक टू मी थ्री अवर्स."
"थ्री अवर्स टेक मी फॉर रीचिंग पुणे."
"इट टुक मी थ्री अवर्स टू रीच्ड पुणे."
"इट टेक थ्री अवर्स."
"हाऊ मच टाइम इट टेक्स?"

आणि हे बरोबर: "इट टुक मी थ्री अवर्स टू रीच पुणे."

उदाहरणांत मी जमेल तिथे दोन तास टाळून तीन तास घेते. इंग्रजीतला 'दोन' आणि क्रियापदाआधीचा 'टू' कानाला सारखेच लागतात, आणि शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात तो गुंता नको.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने हे वाक्य शाळेत अनेकदा वाचलंय, लिहिलंय, त्यावर मार्कही मिळवलेत. तरीही फोनवर बोलायची वेळ आली की "टू मी" बाहेर पडतं. तेव्हा अभ्यास कमी पडला असं म्हणून भागत नाही. चूक कुठून उगवते ते शोधावं लागतं, आणि ती उगवते आपल्याच मराठीच्या पोटातून.

मूळ कुठे आहे

'लागणे' या क्रियापदाकडे जरा बघा. एक तास लागला. तीन तास लागले. एक मिनिट लागलं. वीस मिनिटं लागली. एक रात्र लागली. क्रियापद कोणाच्या मागून चाललंय? वेळेच्या. माणूस तिथे 'मला', 'आईला', 'डॉक्टरांना' असा 'ला-ना' लावून बाजूला बसलेला आहे. मराठी मनाला त्यामुळे दोन गोष्टी अगदी स्वाभाविक वाटतात. वेळ हाच वाक्याचा मालक, आणि 'मला' म्हणजे "टू मी". वरच्या यादीतली पहिली तीन वाक्यं इथूनच येतात. "इट टेक"ही इथूनच, कारण तास तीन आहेत, अनेकवचनी आहेत, म्हणून बोलणारा इंग्रजी क्रियापदही अनेकवचनी करून मोकळा होतो.

इंग्रजीत वेळेला ती खुर्ची मिळत नाही. पहिल्या खुर्चीवर "इट" बसतं. हे "इट" म्हणजे कोण, असा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो आणि तो बरोबर प्रश्न आहे. 'ते' असं भाषांतर करून डोक्यात काहीच उजेड पडत नाही.

एसटी फलाटावर लागते तेव्हा आपण काय करतो? खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. बसायचंय आपल्याला, पण आपल्याकडे बोचकी आहेत, लेकरू आहे, आत शिरायला वेळ आहे. तोवर रुमाल जागा धरून ठेवतो. "इट" हा तसा रुमाल आहे. खरा बसणारा आहे "टू रीच पुणे", म्हणजे पुण्याला पोहोचणं. तो लांबलचक आहे म्हणून मागून येतो. इंग्रजीला पहिली खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही, म्हणून रुमाल. आपण नुसतं 'उकडतंय' म्हणतो आणि वाक्य पूर्ण होतं. इंग्रजीला तिथेही "इट इज हॉट" असा रुमाल टाकावाच लागतो.

रुमाल एकच असतो. त्यामुळे तास तीन असोत की तीनशे, "इट टेक्स"च.

आता 'मला'चं बघू. इंग्रजीतल्या "मी"चा अर्थच 'मला' आहे. 'ला' त्याच्या पोटात आलेलं आहे. त्याला पुन्हा "टू" जोडलं तर 'मलाला' असं काहीतरी होतं. यात एक छुपी अडचण आहे, ती कुठल्या पुस्तकात मी पाहिली नाही, वर्गात मात्र रोज दिसते. इंग्रजी "मी" मराठी कानाला आपल्या 'मी'सारखं ऐकू येतं. 'इट टुक मी' ऐकलं की आतून कोणीतरी म्हणतं, अरे इथे 'मी' आहे, 'मला' कुठे आहे? मग हात "टू" शोधायला जातो. एकदा हे उघड सांगितलं की निम्म्या वर्गाचं "टू मी" त्याच दिवशी गळतं. म्हणून सांगते, वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: इंग्रजी "मी" बरोबर मराठी 'मला'.

दुरुस्ती

वाक्य बोलण्याआधी पाच जागा डोळ्यांपुढे आणा. रुमाल, मग "टेक"चं योग्य रूप, मग कोणाला, मग किती, आणि शेवटी कशाला. इट, टुक, मी, थ्री अवर्स, टू रीच पुणे. मराठीत आपण 'मला' आधी म्हणतो, 'पोहोचायला' मध्ये आणि 'लागले' अगदी शेवटी. म्हणजे जवळजवळ सगळा क्रम उलटा आहे. मराठी वाक्य डावीकडून उजवीकडे एकेक शब्द बदलत गेलात तर हे कधीच जमणार नाही, कितीही वर्षं केलंत तरी.

'कोणाला' ही जागा रिकामी राहू शकते. "इट टेक्स थ्री अवर्स टू रीच पुणे" म्हणजे कोणालाही तीन तास लागतात. भरलीत तर तिथे माणूस नुसता बसवा, कुठलाही शब्द न चिकटवता. आईला: "इट टुक माय मदर अ मंथ टू लर्न स्विमिंग". चांद्रयान-३ला १४ जुलै २०२३ला निघून २३ ऑगस्टला चंद्रावर उतरायला चाळीस दिवस लागले: "इट टुक चांद्रयान-३ फॉर्टी डेज टू लँड ऑन द मून". माणूस असो, यान असो, जागा तीच.

माणूस वेळेच्या नंतर आला तर मात्र "फॉर" लागतं. नाव लांबलचक असेल तेव्हा तसं करणं सोपं पडतं. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून राज्याची समिती २०१२मध्ये नेमली गेली आणि दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ला. "इट टुक मोअर दॅन टेन इयर्स फॉर मराठी टू गेट क्लासिकल स्टेटस." इथे "फॉर मराठी" बरोबर आहे. "टू मराठी" इथेही नाही, तिथेही नाही. या रचनेत माणसाच्या आधी "टू" कधीच येत नाही, हे एवढं पक्कं धरा.

काळ बदलायचा तर फक्त "टेक" बदला. शेवटचं "टू रीच" जसंच्या तसं राहतं. लागतो, टेक्स. लागला, टुक. लागेल, विल टेक. लागतोय, इज टेकिंग. लागायचा, यूज्ड टू टेक. लागला असता, वुड हॅव टेकन. "टू रीच्ड" म्हणणाऱ्यांचा हिशेब असा असतो की गोष्ट काल घडली, तर दोन्ही क्रियापदं कालची हवीत. पण मराठीत तरी आपण तसं करतो का? 'पोहोचायला तास लागतो', 'पोहोचायला तास लागला', 'पोहोचायला तास लागेल'. 'पोहोचायला' हलत नाही. इंग्रजी "टू रीच" तेवढंच हट्टी आहे. आणि 'पुण्याला'मधला 'ला' पाहून "रीच टू पुणे" म्हणू नका. "रीच"ला तो लागत नाही.

लागला की लावला

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण ही चूक व्याकरणाच्या तपासणीत सापडतच नाही. वाक्य बरोबर असतं आणि तरी काम बिघडतं.

वर्गात फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा एक मुलगा होता. हाताचा हुशार. परराज्यातून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाच्या घरी तो गेला. फ्रिज गार होत नव्हता, गॅस गळत होता. घरातल्या बाईंनी विचारलं, "हाऊ लाँग विल इट टेक?" तो म्हणाला, "आय विल टेक थ्री अवर्स, मॅडम." बाईंचा चेहरा बदलला. "व्हाय विल यू टेक सो लाँग?" याला कळेना आपण काय वावगं बोललो. गळती शोधायची, तिथे ब्रेझिंग करून ती बुजवायची, प्रेशर लावून बघायचं, मग व्हॅक्यूम ओढायचा आणि मग नवा गॅस. यातलं एकही काम घाईत उरकता येत नाही. संध्याकाळी वर्गात आला तेव्हा तो दुखावलेला होता. म्हणाला, "मॅडम, मी काय टाइमपास करणार होतो का?"

मी त्याला म्हटलं, अरे, तू बाईंना मराठीत काय सांगितलंस ते ऐक. तू म्हणालास, 'मी तीन तास लावणार.'

तो दोन क्षण गप्प झाला आणि मग हसला. त्याला पुढचं काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

आपल्या भाषेत ही जोडी तयार आहे. वेळ लागला, यात दोष कोणाचाच नाही, काम तेवढं मोठं होतं. वेळ लावला, यात माणसाकडे बोट आहे. 'तुला किती वेळ लागेल?' हा साधा प्रश्न. 'तू किती वेळ लावणार आहेस?' ही तक्रार. इंग्रजीत दोन्हीकडे "टेक"च आहे. फरक पडतो तो पहिल्या खुर्चीवर कोण बसलंय याने. रुमाल असेल तर 'लागला'. माणूस असेल तर बहुतेक वेळा 'लावला', किंवा ठरवून 'घेतला'.

"इट विल टेक मी थ्री अवर्स टू फिक्स इट." मला तीन तास लागतील.
"यू ऑल्वेज टेक सो लाँग टू गेट रेडी." तू आवरायला नेहमी इतका वेळ लावतेस.
"आय टुक अ वीक टू डिसाइड." ठरवायला मी आठवडा घेतला.

तिसरं वाक्य अगदी चांगलं आहे, कारण तिथे वेळ मी घेतलाय आणि ते मला सांगायचंच आहे. "आय टुक" हे चूक आहे असं काही ठिकाणी शिकवतात. ते चूक नाही. ते वेगळं आहे. हा फरक न सांगता नुसतं लाल पेनाने खोडलं तर मूल गोंधळतं, कारण इंग्रजी बातम्यांत त्याला ते वाक्य रोज दिसतं.

म्हणून ऑफिसात वरिष्ठांना किंवा गिऱ्हाइकाला विचारताना "हाऊ मच टाइम विल यू टेक?" म्हणू नका. समोरच्याला 'किती वेळ लावणार?' असं ऐकू येतं. "हाऊ लाँग विल इट टेक?" यात तोच प्रश्न आहे आणि कोणावर रोख नाही.

निर्जीव वस्तू पहिल्या खुर्चीवर आल्या तर हा ठपका बसत नाही. "द बस टेक्स थ्री अवर्स." "द वूंड टुक अ मंथ टू हील." सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांच्या थोडं वर लागतात: "सनलाइट टेक्स अ लिटल ओव्हर एट मिनिट्स टू रीच द अर्थ." बसला किंवा जखमेला कोण रागावणार? तिथे बिनधास्त वापरा.

प्रश्न विचारताना

"हाऊ मच टाइम इट टेक्स?" हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की ऐकणाऱ्याला खटकतही नाही. पण प्रश्नात "डझ" हवंच. "हाऊ लाँग डझ इट टेक टू रीच महाबळेश्वर?" भूतकाळात "डिड" आलं की काळाचं ओझं त्याने उचललं, मग पुढे "टेक" मूळ रूपात. "डिड इट टुक" म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा भरणं. उत्तर देताना मात्र पूर्ण वाक्याचा हट्ट नको. "अबाउट ॲन अवर" एवढं पुरे. मुलाखतीत मुली घाबरून पूर्ण वाक्य जुळवत बसतात आणि मध्येच अडतात, त्यापेक्षा हे छोटं उत्तर कितीतरी बरं.

'खूप वेळ लागला' याला "इट टुक लाँग" म्हणावंसं वाटतं. तसं म्हणत नाहीत. होकारात "इट टुक अ लाँग टाइम". नकारात आणि प्रश्नात "लाँग" एकटं चालतं: "इट डिडन्ट टेक लाँग", "डिड इट टेक लाँग?" "लाँग"च्या आधी "सो" किंवा 'फारच' या अर्थाचं "टू" आलं तर होकारातही चालतं, "इट टुक सो लाँग". कारण विचारू नका, कानाला सवय लावा.

'करायला लागणे'चा चकवा

जरा पुढे गेलेल्यांची चूक वेगळी असते. ती समजून घ्यायला ही तीन वाक्यं शेजारी ठेवा.

ती रडायला लागली.
मला जायला लागलं.
मला जायला तास लागला.

पहिल्यात सुरुवात आहे: "शी स्टार्टेड क्राइंग". दुसऱ्यात नाइलाज आहे, 'जावं लागलं' याच अर्थाने आपण बोलताना तसं म्हणतो: "आय हॅड टू गो". तिसऱ्यातच फक्त वेळ आहे: "इट टुक मी ॲन अवर टू गो". तिन्हीकडे '-यला लागणे'. घाईत बोलताना मेंदू यातलं कुठलंही उचलतो आणि मग "आय हॅड टू ॲन अवर टू गो" असं काहीतरी घडतं. ओळखायची खूण एकच. 'किती?' असं विचारा. तास, दिवस, माणसं असं मोजायचं काही उत्तर आलं आणि 'लागणे' त्याच्या मागून फिरत असेल, तर "टेक". उत्तरच आलं नाही तर "टेक" नाही. तहान लागली, ठेच लागली, आंबट लागलं यांना हा प्रश्न लागूच होत नाही, म्हणून तिथे "टेक"चा विचारही नको.

'भरायला' आणि 'भरण्यात'

"आय स्पेंट थ्री अवर्स टू फिल द फॉर्म." हे आणखी एक नेहमीचं. "टेक"नंतर "टू" पाठ झालं की ते "स्पेंड"लाही चिकटतं. इथे आपली मराठी थेट मदतीला येते, आणि मला हा धागा सापडला तेव्हा खरंच आनंद झाला होता.

'फॉर्म भरायला तीन तास लागले.' 'फॉर्म भरण्यात तीन तास घालवले.' तुम्ही 'भरण्यात तीन तास लागले' सहसा म्हणत नाही आणि 'भरायला तीन तास घालवले' म्हटलं तर जरा अडखळता. म्हणजे 'लागणे'बरोबर '-यला' आणि 'घालवणे'बरोबर '-ण्यात' हे तुमच्या जिभेला आधीच माहीत आहे. आता नुसतं जोडून टाका. '-यला' तिथे "टू फिल". '-ण्यात' तिथे "फिलिंग".

"इट टुक मी थ्री अवर्स टू फिल इन द फॉर्म."
"आय स्पेंट थ्री अवर्स फिलिंग इन द फॉर्म."

हे आठवायला नियमाचं पुस्तक उघडावं लागत नाही. मराठी वाक्य मनात म्हणा, शेपूट ऐका.

कष्ट, धीर, पैसे, माणसं

वेळेपलीकडे 'लागणे' जिथे जिथे जातं, तिथे बऱ्याच ठिकाणी "टेक"ही जातं. नाही म्हणायला धैर्य लागतं: "इट टेक्स करेज टू से नो". बंद पडलेली गाडी ढकलायला चौघं लागले: "इट टुक फोर पीपल टू पुश द कार". पुरणपोळी लाटायला हात हलका लागतो, कडेकडेने लाटणं फिरवत मधल्या पुरणाला दाब न देता: "इट टेक्स अ लाइट हँड टू रोल अ पुरणपोळी". आमच्या वर्गातल्या एका काकूंनी हे वाक्य स्वतः बनवलं होतं, आणि त्यानंतर त्यांना ही रचना कधीही समजावून सांगावी लागली नाही. स्वतःच्या हातातल्या कामाचं वाक्य विसरत नाही माणूस.

इथली नेहमीची चूक "लॉट्स ऑफ एफर्ट्स". मराठीत कष्ट अनेकवचनी, प्रयत्नही अनेकवचनी होतात, म्हणून इंग्रजीत "एफर्ट्स" येतं. या रचनेत "इट टुक अ लॉट ऑफ एफर्ट" असं एकवचनी म्हणा. धीर, हिंमत, सराव यांनाही "एस" नको.

पैसे लागले तर "टेक" सोडा आणि "कॉस्ट" घ्या. बाकी जागा त्याच: "इट कॉस्ट मी फाइव्ह थाउजंड रुपीज टू रिपेअर द बाइक". हे भूतकाळातही "कॉस्ट"च राहतं, "कॉस्टेड" नाही.

साहित्य लागलं तर मात्र विचार करा. 'चहाला दूध लागतं' यात किती हे नाही, फक्त गरज आहे: "यू नीड मिल्क फॉर टी". 'म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो' यात मोजमाप आहे: "इट टेक्स अबाउट फाइव्ह लीटर्स ऑफ मिल्क टू मेक अ किलो ऑफ खवा". पुन्हा तीच 'किती?'ची खूण.

'तीन तासांचा प्रवास' म्हणायचं असेल तर "टेक"ची गरजच नाही, "अ थ्री-अवर जर्नी". तिथे "अवर्स" होत नाही.

गेली का चूक, ते तपासायला

रात्री जेवणानंतर दिवसभरातल्या चार गोष्टी घ्या, ज्यांना वेळ लागला. बस, रांग, गॅसवर डाळ, मुलाचं गणित. प्रत्येकीचं मराठी वाक्य मोठ्याने म्हणा, 'लागला' आहे की 'लावला' ते ऐका, मग इंग्रजी. लिहू नका, बोला. ही चूक जिभेची आहे, वहीत ती दुरुस्त होऊन काही उपयोग नाही. नुसती भाषांतरं करायला पाठ्यपुस्तकातली वाक्यं घेऊ नका. स्वतःच्या दिवसातली घ्या.

ज्यांना जरा मोठं वाक्य हवं असेल त्यांनी ही दोन करून बघावीत. आळंदीहून पंढरपूरला चालत जायला वारकऱ्यांना जवळजवळ तीन आठवडे लागतात. संविधान तयार करायला संविधान सभेला जवळपास तीन वर्षं लागली, ९ डिसेंबर १९४६ ते २६ नोव्हेंबर १९४९. पहिल्याचं "इट टेक्स द वारकरीज निअर्ली थ्री वीक्स टू वॉक फ्रॉम आळंदी टू पंढरपूर", कारण ते दर वर्षी होतं. दुसऱ्याचं "इट टुक द कॉन्स्टिट्यूअंट असेंब्ली ऑलमोस्ट थ्री इयर्स टू फ्रेम द कॉन्स्टिट्यूशन", कारण ते एकदाच झालं. पहिल्यात "टेक" आलं असेल तर रुमालाचा भाग पुन्हा वाचा, दुसऱ्यात "टेक्स" आलं असेल तर काळ बदलण्याचा.

आणि शेवटी एक जोडी, जी मी प्रत्येक बॅचच्या अखेरच्या दिवशी फळ्यावर लिहिते. दोन्ही वाक्यं वर्गातल्याच एका मुलीने एकापाठोपाठ म्हटली होती, तिच्याच नोकरीबद्दल.

मला नोकरी लागायला तीन वर्षं लागली.
मला नोकरी लागून तीन वर्षं झाली.

पहिल्यात 'लागणे' दोनदा आहे, पण 'किती?'चं उत्तर दुसऱ्या 'लागणे'ला आहे, म्हणून "टेक" तिथे: "इट टुक मी थ्री इयर्स टू गेट अ जॉब". दुसऱ्यात 'तीन वर्षं' आहे, 'लागून'ही आहे, तरी "टेक" नाही, कारण वर्षं 'झाली' आहेत, लागलेली नाहीत: "इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स आय गॉट द जॉब". त्या दिवशी तिने दोन्ही वाक्यं फळ्याजवळ उभी राहून, न अडखळता म्हटली, आणि दुसरं म्हणून झाल्यावर खडू माझ्या हातात देऊन जागेवर जाऊन बसली.